तीन नंबरची टकटक

॥ श्री ॥

उद्यमनगर, कोल्हापूर
२१ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आकाराममामा यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

भोपाळला फोन केला की तुमची लेकच बोलते, स्नेहलताई. तुम्ही म्हणे बाल्कनीत असता, नाहीतर झोपलेले असता, नाहीतर रेंज नसते. परवा तिनं तुमचा निरोप दिला की, संयूला म्हणावं पत्र लिही, पत्रात माणूस नीट बोलतं. म्हणून आपल्या दुकानातल्या जॉबकार्डांचे पाठकोरे कागद घेऊन बसले आहे. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही. मायना आक्कानं सांगितला, चुकला असेल तर तुमच्या बहिणीला रागवा, मला नको.

बातमी चांगली नाही. विश्वजितच्या फियाटचं आपण बांधलेलं इंजिन रविवारी फुटलं. बेळगावच्या पुढच्या त्या जुन्या धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत होती. पहिली फेरी अशी गेली की कागलची सगळी पोरं टोप्या उडवत होती. दुसऱ्या फेरीत तिसरा गिअर पडला आणि तोफेसारखा आवाज झाला. जाळ ब्लोअरमधून उलटा बाहेर आला, बॉनेट उखडलं. विश्वजित गाडी थांबवून विझवायला धावला आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टर म्हणतात, बोटं शाबूत राहतील, कातडी यायला दोन महिने लागतील.

काल इंजिन उघडलं. आधी चारी सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून बघितली. तीन नंबरची हवा कार्बोरेटरकडून फुसफुसत बाहेर यायला लागली, म्हणजे आत घेणारा व्हॉल्व्ह बसत नव्हता. हेड काढलं तर तो व्हॉल्व्ह वाकलेला, त्याचा पुशरॉड धनुष्यासारखा, आणि दोन स्प्रिंगांपैकी आतली मधोमध तुटलेली. मला वाटतं, विश्वजितनं गिअर चुकवला, इंजिन नको तितकं फिरलं, व्हॉल्व्ह वेळेत मिटला नाही आणि पिस्टननं त्याला गाठलं. तो मात्र आईची शपथ घेऊन सांगतो की गिअर चुकला नाही. हेड तुमच्या हातचं, खालचं काम माझं आणि कृष्णातचं, तेव्हा जोडणीत काही राहिलं असेल असं वाटत नाही. कृष्णात तर रविवारपासून गप्पच आहे.

तुम्ही काय म्हणता ते कळवा. गुडघ्यांना तेल लावत जा. भाचीवरची माया लांब गेल्यानं पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
संयोगिता

*

भोपाळ
२८ नोव्हेंबर २०२४

चि. संयोगितास, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी त्या पोराचा हात. रोज कागलला जमणार नाही, पण दोन दिवसाआड जाऊन ये. इंजिनाचं काय, ते लोखंड आहे.

ती फियाट मी पहिल्यांदा बघितली १९७९ साली. विश्वजितचे आजोबा धैर्यशीलराव खंडेनवमीच्या दिवशी ती घेऊन आले. आम्ही हत्यारं धुऊन मांडून बसलो होतो, त्या दिवशी कुणी पान्याला हात लावत नसे. तरी आमचे उस्ताद दत्तोपंत उठले, गाडीला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाले की, आकाराम, हिचा आवाज आज ऐकून ठेव, उद्या बिघडल्यावर उपयोगी पडेल. तसा ऐकून ठेवला होता. अजून आठवतो. त्या काळी उद्यमनगरात दुपारच्या वेळी प्रत्येक दुकानात ऑइल इंजिन टेस्टिंगला लावलेलं असायचं. मी रस्त्यानं डोळे मिटून चाललो तरी सांगायचो की आता कुणाच्या दारात आलो. ओतकामाच्या वाळूचा वास, जळक्या तेलाचा वास, आणि चार वाजता शेजारच्या गाड्यावरची भजी. इथे सोसायटीत सगळं गुळगुळीत आहे. बाल्कनीतून दुसऱ्यांच्या बाल्कन्या दिसतात.

आता कामाचं. इंजिन जास्त फिरलं असेल तर तो मार एका व्हॉल्व्हला बसत नाही, चारी घरांत थोडाथोडा बसतो. चारी पिस्टनांची डोकी रॉकेलनं पुसून उन्हात धर. व्हॉल्व्हच्या कडेची नखासारखी खूण किती पिस्टनांवर आहे ते बघ. चारींवर असेल तर दोष चालवणाऱ्याचा. एकट्या तीन नंबरवर असेल तर त्या पोराची माफी माग, कारण मग स्प्रिंग आधी तुटली आणि बाकीचं नंतर झालं. स्प्रिंग तुटली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, उघड्या व्हॉल्व्हमधून जाळ मागं ब्लोअरमध्ये शिरतो. तिथं दाबलेली हवा आणि पेट्रोल भरलेलंच असतं.

प्रश्न मग एवढाच उरतो की स्प्रिंग का तुटली. तीन नंबरच्या वरचं सगळं सामान मला पार्सलनं पाठव. फोटो नको. फोटोला हात लावता येत नाही.

आक्काला नमस्कार. तुझं कुशल कळवत राहा, इथं टपालवाल्याची वाट बघणं हेच एक काम आहे.

आकाराममामा

*

कोल्हापूर
६ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामा यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

तुमचं खरं ठरलं. खूण एकट्या तीन नंबरच्या पिस्टनवर आहे, बाकीचे तीन स्वच्छ. मी त्याच दिवशी कागलला जाऊन विश्वजितची माफी मागितली. पलंगावर बसून डाव्या हातानं पोहे खात होता. त्याची आई माझ्याशी बोलली नाही, चहा मात्र दिला. मी सांगितलं की दोष गाडी चालवण्यात नव्हता, आमच्या जोडणीत होता, आणि जोडणी माझी होती. त्यानं पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मग म्हणाला की, ताई, तुझ्यावर राग न्हाय माझा, पण आता इंजिन बंगळूरला न्हेतो, घरचे ऐकंनात. फेब्रुवारीत पुन्हा शर्यत आहे आणि त्याला उतरायचंच आहे. आपल्या दुकानाचं नाव त्या गाडीच्या दारावर आहे, ते खरवडताना मला बघायचं नाही, एवढंच.

पार्सल सोबत पाठवते आहे. स्प्रिंगेचे तुकडे, व्हॉल्व्ह, पुशरॉड, रॉकर, सगळं फडक्यात गुंडाळलं आहे. मला वाटतं स्प्रिंगच कच्ची निघाली असावी. पोलादात एखादा बारीक डाग असतो, तो कुणाला दिसणार? तुम्ही फार डोकं शिणवू नका.

आक्कानं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी त्याच खोक्यात भरायला दिली होती. चटणीला ग्रीसचा वास लागेल म्हणून मी ती वेगळी पाठवते आहे. आशीर्वाद असाच राहू द्या.

तुमची,
संयू

*

भोपाळ
१५ डिसेंबर २०२४

चि. संयूस, आशीर्वाद.

पार्सल आलं. स्नेहलनं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून दिलं. किती महिन्यांनी बोटं काळी झाली. जावईबापू म्हणाले की, मामा आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

स्प्रिंग कच्ची नाही. तुटलेली जागा भिंगातून बघितली, पोलाद चांगलं आहे. पण तिच्या वेटोळ्यांच्या पाठी आणि पोटं चकाकतायत. बोट फिरवलं तर गोल तारेला सपाट पट्टी लागते. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वेटोळी एकमेकांवर आपटत होती. स्प्रिंग जिथं बसते तिथली जागाच तिला अपुरी पडत होती. असं मिनिटाला हजारो वेळा आपटून कुठलं पोलाद टिकेल? पुशरॉड त्याच मारानं वाकला.

जागा अपुरी कशानं पडली, ते स्प्रिंगेखालच्या वायसरवर ठरतं. तू सगळं पाठवलंस, रॉकरची पिनसुद्धा पाठवलीस. वायसर तेवढे आले नाहीत. तीन नंबरच्या खाली किती वायसर होते? एक की दोन? पत्राला दुसरं काही लिहू नको, एवढंच लिहून पाठव.

चटणी पोचली. आक्कानं लसूण कमी घातलाय, भोपाळच्या लोकांना चालावी म्हणून असेल. तिला म्हणावं मी अजून कोल्हापूरचाच आहे.

आकाराममामा

*

कोल्हापूर
२२ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामा यांस, कृ. शि. सा. न. वि. वि.

वायसर एकच होता, बाकी सगळीकडे होता तसाच. तो कुठंतरी हरवला म्हणून पाठवला नाही.

इकडं थंडी चांगली पडली आहे. दुकानात एका उसाच्या ट्रॅक्टरचा पंप आणि दोन जीप आल्या आहेत, हात रिकामा नाही. विश्वजितची पट्टी अर्धी निघाली, बोटं हलवतो. इंजिन अजून आपल्याच दुकानात आहे, टेंपो ठरला की नेईल. आता त्या स्प्रिंगेचा नाद सोडा, झालं ते झालं. माया असावी, ही विनंती.

संयोगिता

*

भोपाळ
३० डिसेंबर २०२४

चि. संयोगितास,

आशीर्वाद आहेतच, पण राग आहे.

तू खोटं लिहिलंस. मी इथं व्हर्नियर मागवून मापं घेतली. ही स्प्रिंग पार दाबली की एकवीस मिलिमीटर होते. खाली एक वायसर असता तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही दीड मिलिमीटर मोकळा राहिला असता. मग वेटोळी एकमेकांना शिवली कशी? दोन वायसर होते. दुसरा मीच घातला होता, आणि तीन नंबरचं सामान बांधतानाच तुला ते दिसलं होतं.

जुलैमधलं सांगतो. तीन नंबरचा व्हॉल्व्ह ज्या कड्यावर बसतो ती सीट झिजून खोल गेली होती. व्हॉल्व्ह वर सरकून बसायचा, स्प्रिंग सैल पडायची, म्हणून मी दुसरा वायसर घातला. चार दिवसांनी आपण तिथं नवी सीट ठोकून घेतली. व्हॉल्व्ह जागेवर आला. तो जादा वायसर तेव्हा काढायला पाहिजे होता. मी काढला नाही. विसरलो. असं विसरणं कुणाच्याही हातून होतं. पुढचं मात्र तसं नाही.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तू बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होतीस. कृष्णात माझ्या कानाशी येऊन ओरडला की, मामा, तीन नंबरला बारीक टकटक येतीया बघा. मी लांब स्क्रूड्रायव्हर हेडवर टेकवून त्याची मूठ कानाला लावली, नेहमीसारखी. आणि मला टकटक ऐकू आली नाही. खरं सांगायचं तर मला काहीच ऐकू आलं नाही. बाकीचे सात व्हॉल्व्हही नाहीत. डावा कान जाऊन दोन वर्षं झाली होती, उजवा त्या उन्हाळ्यात गेला. कृष्णात माझ्या तोंडाकडं बघत होता. मी म्हणालो, काय न्हाय, झाक चाललंय. त्यानं पुन्हा विचारलं, तर मी त्याच्यावर ओरडलो की, तुला कान येऊन किती दिवस झाले? तो रविवारपासून नाही, जुलैपासून गप्प आहे.

गुडघे दुखतात म्हणून भोपाळला आलो, असं सगळ्यांना सांगितलं. गुडघे ठणठणीत आहेत. फोनवर मी येत नाही कारण फोनमध्ये मला नुसती वाळू पडल्यासारखी ऐकू येते. पंचावन्न वर्षं कानावर जगलो, तो कान गेला हे कुणाला कसं सांगायचं? दत्तोपंत गेले तेव्हा स्मशानातून परतताना लोक म्हणाले होते, आता उद्यमनगरात आकारामचाच कान राहिला. ते वाक्य मी लई वर्षं बाळगलं. त्यापायी एका पोराचा हात भाजला.

आणि तू? तू सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळी झालीस. स्नेहलला कृष्णातनं फोनवर सगळं सांगितलं, मला तिच्याकडून कळलं. तुझा हेतू मला कळतो, पण संयू, बारक्या लेकराचं सांडलेलं आई पुसून घेते तसं तू केलंस. तू मला कामातून काढून टाकलंस. माझी चूक मला सांगायलासुद्धा तू मला माणसात धरलं नाहीस.

सोबत विश्वजितला पत्र आहे. पाकीट उघडं ठेवलंय. तू वाच आणि नेऊन दे.

तुझा मामा

*

भोपाळ
३० डिसेंबर २०२४

चि. विश्वजित यास आकाराम मिस्त्रीचा आशीर्वाद.

तुझ्या इंजिनाचं हेड मी बसवलं होतं. त्यात एक वायसर जास्त राहिला, म्हणून स्प्रिंग तुटली आणि जाळ आला. संयोगितानं ते आपल्यावर घेतलं, ते खरं नाही. कृष्णातनं मला वेळेत सावध केलं होतं. मला ऐकू येत नव्हतं आणि ते कबूल करायची हिंमत माझ्यात नव्हती. खालचं सगळं काम तिचं आहे, त्यात सुतभर दोष नाही.

तुझ्या आजोबांनी ती गाडी माझ्याशिवाय कुणाच्या हातात दिली नाही. पाचगावच्या चढावर ते मुद्दाम इंजिन ताणायचे आणि मला विचारायचे, काय म्हणतीया? मी सांगायचो, खूश हाय. ते असते तर आज त्यांना तोंड दाखवलं नसतं. तुला दाखवायला येणार आहे. इंजिन कुठं न्यायचं ते तू ठरव. हात बरा होऊ दे, एवढंच मागणं.

आकाराम

*

कागल
९ जानेवारी २०२५

आदरणीय आकाराममामा,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. बोटं अजून पेन धरायला कुरकुरतात, डॉक्टरांनी लिहायचा सराव सांगितलाय, म्हणून पहिलं पत्र तुम्हालाच.

ताईनं पाकीट दिलं आणि दारातच उभी राहिली, घरात यायला तयार नव्हती. आईनं पत्र मोठ्यानं वाचलं आणि तिला हाताला धरून आत आणलं. आई म्हणाली की, आपलं चुकलं म्हणून चिठ्ठी धाडणारा मिस्त्री मी अजून बघितला नव्हता.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस तुमचं पत्र उशाखाली ठेवून झोपलो. पण बंगळूरवाले फोनवर म्हणाले की नवीन हेड घ्या, जुन्याची चौकशी करण्यात अर्थ नाही. तुम्ही लोकांनी मात्र एका वायसरपर्यंत जाऊन शोधलं. टेंपो रद्द केलाय. तुम्ही या. हेड तुम्हीच बसवा. ऐकायचं काम कृष्णातभाऊ करतील, तेवढं मात्र त्यांचं ऐका.

आपला,
विश्वजित

*

उद्यमनगर, कोल्हापूर
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. स्नेहलताई हिस,
स. न. वि. वि.

मामांची खुशाली तू रोज विचारतेस आणि मी रोज एका ओळीत उत्तर देते. आज सविस्तर लिहिते.

मिरजेला गाडीतून उतरले ते घरी न येता तसेच कागलला गेले. विश्वजितचा हात हातात घेऊन खिडकीपाशी नेला, उलटा-सुलटा करून बघितला, जसा एखादा पार्ट बघतात तसा. विश्वजितच म्हणाला की, मामा, दुखत न्हाय आता. तेव्हा जरा बसले.

तू घेऊन दिलेलं कानातलं मशीन वापरतात. सगळं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं म्हणतात, आणि दुकानात आवाज वाढला की काढून खिशात टाकतात. पहिल्या दिवशी त्यांनी कृष्णातला सगळ्यांसमोर सांगितलं की, त्या दिवशी तू बरोबर होतास. कृष्णात इतका गडबडला की चहाचा ट्रे घेऊन बाहेरच निघून गेला. मग महिनाभर दोघं एकमेकांना चिकटून काम करत होते. प्रत्येक स्प्रिंगेचं माप कृष्णात घ्यायचा, मामा स्वतः पुन्हा घ्यायचे, आणि दोन्ही आकडे भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे. मामांनी आयुष्यात कधी माप लिहून ठेवलं नव्हतं. दुपारी जेवताना जुन्या गोष्टी निघायच्या. कुठल्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालं, कुठल्या इंजिनाचा धूर कसा असायचा. बोलता बोलता ते रस्त्याकडं बघत राहायचे. आता तिथून कुठल्याच इंजिनाचा आवाज येत नाही, हे त्यांना मशीन लावूनसुद्धा खरं वाटत नव्हतं. दोनदा त्यांनी मला विचारलं की, बॅटरी संपली का बघ.

काल शर्यत झाली. गाडी तिसरी आली. तिन्ही फेऱ्या इंजिन नीट चाललं, शेवटची फेरी सगळ्यात चांगली. विश्वजित खूश आहे, त्याची आई त्याहून खूश, कारण तो धड परत आला.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या फेरीच्या आधीचं. इंजिन तापवून बंद केलं आणि मामांनी शेवटचे टॅपेट लावले, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हवरची फट बसवली. आठही. मग ती फट मोजायच्या पातीचा फिलर गेज माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तपास. मी म्हणाले की, मामा, तुमचं काम मी काय तपासू? ते जागचे हलले नाहीत. विश्वजित, कृष्णात, शेजारच्या तंबूतली चारपाच पोरं, सगळे बघत होते. मी वाकले आणि एकेक करून पाती सरकवत गेले. पहिला बरोबर, दुसरा, तिसरा. दोन नंबरचा धूर सोडणारा व्हॉल्व्ह आला आणि पाती ढिली गेली. अगदी थोडी. दुसऱ्या कुणाला कळलीही नसती.

ताई, एक क्षण मी पुढच्या व्हॉल्व्हकडे हात नेला होता. मग थांबले. वर बघितलं तर मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मशीन त्यांच्या खिशात होतं, हळू सांगून भागणार नव्हतं. मला ओरडून सांगावं लागलं की, मामा, दोन नंबरचा सैल हाय. एवढ्या मोठ्यांदा की लांबची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

मामांनी मान हलवली. चष्मा पुसला, पाना घेतला, नट सोडला, स्क्रू पाव फेरा आवळला, नट पुन्हा बसवला. मग पाना खाली ठेवला आणि एक पाऊल बाजूला सरकून मला परत जागा करून दिली.

मी पुन्हा तपासला. बरोबर होता.

इतक्यात त्यांना पाठवायला सांगू नकोस. तुझी आमच्यावरची माया आहे ती असू दे, आणि पोरांची परीक्षा झाली की तूच सगळ्यांना घेऊन इकडं ये.

तुझी,
संयू